उत्तर आणि उलगडा

रविवारी सकाळी पहिला चहा होईपर्यंत घरातल्या वर्तमानपत्राची वाटणी झालेली असते. बातम्यांची पाने वडिलांकडे, पुरवणी आईकडे आणि शब्दकोड्याचे पान ज्याच्या हाती पेन्सिल आधी लागेल त्याच्याकडे. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात, जिथे खडखडाटाची कानांना सवयच झालेली असते, तिथे तर हा शांत अर्धा तास मोठ्या मोलाचा. मग माजघरातून आणि गॅलरीतून उत्तरे येऊ लागतात आणि बघता बघता वाद पेटतो.

समजा, सूचना अशी आहे : वेल उलटली की ठेका सापडतो, अक्षरे दोन. कोणीतरी घाईने सांगते, लय. ठेका आणि लय जवळजवळचेच, अक्षरेही दोनच. घरातली आजी मात्र मान हलवते आणि विचारते, मग वेल कुठे गेली? ती उलटली म्हणजे काय झाले? खरे उत्तर आहे ताल. वेल म्हणजे लता. लता उलटी वाचली की ताल होतो आणि ताल म्हणजे ठेका. सूचनेतला एकही शब्द फुकट गेला नाही. लय हे उत्तर चौकटीत बसते, पण त्याचा उलगडा होत नाही. ताल चौकटीतही बसतो आणि उलगडतोही.

साधे शब्दकोडे न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात आर्थर विन या गृहस्थांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी पहिल्यांदा छापले. शब्दांना दुहेरी बुरखा घालणारी गूढ कोडी १९२०च्या दशकात इंग्लंडात रुजली. आपल्याकडे मात्र हा खेळ जुनाच. मरा मरा म्हणता म्हणता राम म्हणू लागलेल्या वाल्या कोळ्याची गोष्ट लहानपणी कोणी ऐकली नाही? कोकणातली हुमाणे, जात्यावरची कोडी, महाभारतातले कूट श्लोक, सगळा एकाच जातीचा माल. आणि महाराष्ट्रात असा एक माणूस होऊन गेला, ज्याने आपले सारे आयुष्यच एक भले मोठे कोडे सोडवण्यात घालवले. त्या कोड्याच्या सूचना फाटक्या कागदांवर, वाळवी लागलेल्या पोथ्यांत आणि गावोगावच्या नावांत विखुरलेल्या होत्या. ते गृहस्थ म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

वरसईचा मुलगा

राजवाड्यांचा जन्म १८६३ सालचा, पेणजवळच्या वरसई गावचा. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आजचा रायगड. वडिलांचे छत्र अगदी लहानपणीच हरपले आणि पुढचे शिक्षण पुण्यात झाले. थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे पुढे संस्कृतचे नामांकित प्राध्यापक झाले. धाकट्याची वाट निराळी होती. शाळा-कॉलेजांत जे शिकवले जाते त्यापेक्षा जे शिकवले जात नाही तेच त्यांना ओढून नेई. पाठ्यपुस्तके बाजूला ठेवून ग्रंथालयातले हाताला लागेल ते वाचावे, मन रमले नाही तर वर्ग सोडावा, असा त्यांचा खाक्या. डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले खरे, पण परीक्षांविषयी आणि त्या शिक्षणाविषयी त्यांचे मत फार चांगले नव्हते. आपल्या शालेय अनुभवांवर त्यांनी जो दीर्घ लेख लिहिला, तो आजच्या शिक्षकांनी आणि पालकांनीही वाचावा इतका सडेतोड आहे.

काही काळ त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. लग्न झाले, संसार मांडला. पण पत्नीचे अकाली निधन झाले, मुलेही जगली नाहीत. वय काही फार नव्हते. त्या काळच्या रीतीप्रमाणे दुसरे लग्न सहज झाले असते. राजवाड्यांनी ते केले नाही. १८९४ साली त्यांनी 'भाषांतर' नावाचे मासिक सुरू केले. जगातले उत्तम ग्रंथ मराठीत आणावेत, ही त्यामागची कल्पना. मासिक तीनएक वर्षे चालले. त्यानंतर त्यांचे लक्ष ज्या दिशेला वळले, तिथून ते आयुष्यभर हलले नाही.

ती दिशा होती जुन्या कागदांची. पेशवाई बुडून तेव्हा पाऊणशे वर्षे झाली होती. सरदारांच्या, कारकुनांच्या, सावकारांच्या वाड्यांत रुमालांत बांधलेली दप्तरे माळ्यांवर पडून होती. कुठे ती उंदरांच्या तोंडी जात होती, तर कुठे बंबात. मराठ्यांचा इतिहास तोवर ज्यांनी लिहिला त्यांत इंग्रज अधिकारी आघाडीवर, आणि आपल्याकडच्या बखरी तर अनेकदा घटनेनंतर खूप वर्षांनी रचलेल्या. अस्सल पत्रांवरून इतिहास लिहायचा, तर आधी पत्रे वाचवली पाहिजेत. म्हणून हा बी. ए. झालेला माणूस पाठीवर बिऱ्हाड घेऊन निघाला. गावोगाव पायपीट करायची, स्वतःच्या हाताने शिजवून खायचे, मालकाची मनधरणी करायची आणि एकेक रुमाल सोडवायचा. अशा भटकंतीतून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. वाई येथे मिळालेल्या कागदांतून साकारलेल्या या खंडात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे आहेत. पुढे या मालेचे एकूण बावीस खंड झाले.

तारखेचे कोडे

ही पत्रे वाचणे म्हणजे काय असते, याची कल्पना आज सहज येत नाही. आधी मोडी लिपी. शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, लेखणी न उचलता एका दमात ओढलेल्या ओळी. त्यातून अर्थ लावला, तरी खरी कसोटी तारखेची. पत्रात दिवस दिलेला असतो तो छ या एका अक्षराने. छ म्हणजे चंद्र, म्हणजेच चांद्रमासातला दिवस. महिना मुसलमानी, जमादिलावल किंवा रबिलाखर. आणि वर्ष असले तर ते अरबी अंकशब्दांत.

एक उदाहरण घेऊ. सन इहिदे सितैन मया व अलफ. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हा मंत्रच वाटेल. पण प्रत्येक शब्दाला किंमत आहे. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. बेरीज ११६१. हा झाला शुहूर सन. तो मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होतो, म्हणून वर्षाच्या पूर्वार्धातल्या तारखेसाठी त्यात ५९९ आणि जानेवारीनंतरच्या तारखेसाठी ६०० मिळवायचे. जानेवारीतली तारीख असेल तर आले १७६१. पानिपतची लढाई झाली ती १४ जानेवारी १७६१ रोजी. म्हणजे त्या मंत्रात मराठी मुलखाला हादरवून टाकणारे वर्ष दडले आहे.

हे झाले सोपे कोडे. पुष्कळ पत्रांत वर्ष लिहिलेलेच नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल माहीत होते, मग लिहायचे कशाला? तेव्हा संशोधकाला पत्रातल्या मजकुराचाच आधार. अमुक सरदार अजून हयात आहे, तमक्या किल्ल्याला वेढा पडला आहे, यंदा पाऊस ताणला आहे, अशा बारीकसारीक उल्लेखांवरून साल पकडायचे आणि मग त्या सालात तो वार, ती तिथी आणि तो चंद्र जुळतो का ते पाहायचे. कोड्यात जसा आडवा शब्द उभ्या शब्दावर तपासून घेतात, अगदी तसे. एक पत्र चुकीच्या वर्षात बसवले की त्याच्या शेजारची चार पत्रे अडखळतात. राजवाड्यांनी शेकडो पत्रांना अशी जागा दिली. काही ठिकाणी पुढच्या अभ्यासकांनी ती बदलली. पण बदलता आली याचे कारणही राजवाडेच. त्यांनी मूळ पत्र जसेच्या तसे छापून सर्वांसमोर ठेवले होते.

पत्रांचा आणखी एक उपयोग त्यांनी केला. शिवकाळाच्या आधी आणि नंतर मराठीत फारसी शब्द किती होते, हा प्रश्न लोक अंदाजाने सोडवत. राजवाड्यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या तीन सालांमधले एकेक पत्र घेतले आणि शब्द चक्क मोजले. पहिल्या पत्रात मराठी शब्द शेकडा १४च्या आसपास, दुसऱ्यात शेकडा ६२च्या वर, तिसऱ्यात शेकडा ९३च्या वर निघाले. तीन पत्रांवरून शंभर वर्षांच्या भाषेविषयी किती बोलावे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु तो घेता येतो, कारण मोजणीची रीत त्यांनी उघड मांडली आहे.

कुलूपबंद पोथ्या

पण राजवाड्यांच्या आयुष्यातले सर्वांत चित्तवेधक कोडे मोडीतले नव्हते. ते देवनागरीसारख्या दिसणाऱ्या अक्षरांत होते.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथाची शिकवण दिली. हा पंथ मराठीचा मोठा कैवारी. चक्रधरांचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांनी केशोबासांसारख्या संस्कृत पंडितालाही संस्कृतात लिहू नये असे बजावले होते. कारण इतकेच की संस्कृतात लिहिले तर साध्यासुध्या म्हाताऱ्या बाया उपदेशाला मुकतील. म्हाइंभटांनी गावोगाव फिरून स्वामींच्या आठवणी गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. महदाइसेने गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगासाठी धवळे रचले आणि मराठीला तिची आद्य कवयित्री मिळाली.

आणि याच पंथाने पुढे, चौदाव्या शतकात, आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद केले. सकळ लिपी ही त्यांतली मुख्य. शिवाय सुंदरी, अंकलिपी, शून्यलिपी अशा आणखीही होत्या. पवित्र वचने अनधिकारी माणसाच्या हाती जाऊ नयेत, त्यात कोणी भर घालू नये, विटंबना होऊ नये, अशी भावना त्यामागे होती. दीक्षा घेतलेल्यालाच किल्ली मिळे. पोथी उघडली तर बरीच अक्षरे ओळखीची वाटत, पण शब्द काही लागत नसे. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर ठेवलेले. म्हाताऱ्या बायांसाठी म्हणून जी भाषा निवडली, तीच आता पंडितांनाही वाचता येईना.

याची किंमत पंथाने मोजली. जे वाचता येत नाही त्याविषयी माणसे वाटेल ते बोलतात. महानुभावांविषयी शतकानुशतके नाना प्रवाद पसरले. महानुभाव या आदराच्या शब्दाचा मानभाव झाला आणि त्यावरून मानभावी म्हणजे वरून गोड आणि आतून ढोंगी असा अर्थ रूढ झाला. आपण हा शब्द आजही सहज वापरतो. त्यामागे एका पंथाची बदनामी आहे, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. किंमत मराठीनेही मोजली. आपले सहाशे वर्षांपूर्वीचे गद्य घरातच पेटीत होते आणि वाङ्मयाचे इतिहासकार ते नाहीच असे समजून चालत होते.

अदलाबदलीची लिपी उकलते कशी? त्याची जगभर एकच रीत आहे. पुन्हा पुन्हा येणारे चिन्ह शोधायचे, त्याची जागा पाहायची आणि तिथे काय असू शकेल याचा तर्क करायचा. सम्राट अशोकाची ब्राह्मी लिपी १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याला उलगडली ती अशीच. सांचीच्या कठड्यांवरचे छोटे छोटे लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात हे त्याने पाहिले. भाविकांनी दिलेल्या दगडांवर शेवटी काय असणार? दानं. तेवढ्या एका शब्दाने द आणि न हाती आले आणि बाकीची दारे उघडत गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, लंडनच्या एका दैनिकाने बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली आणि तिच्यात चमकलेल्या काही जणांना शत्रूचे गुप्त संदेश फोडण्याच्या कामावर बोलावले गेले. कोडे सोडवणारी बुद्धी आणि लिपी उकलणारी बुद्धी यांचे नाते असे सख्खे आहे.

राजवाड्यांनी सकळ लिपीचे कोडे सोडवले ते १९१०च्या सुमारास. त्यांच्याजवळ दोन हत्यारे तयार होती. एक म्हणजे हजारो मोडी कागदांवर घासून लख्ख झालेली नजर. दुसरे म्हणजे जुन्या मराठीचे व्याकरण. १९०९ साली त्यांनी बीडच्या पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. हे दुसरे हत्यार फार मोलाचे. कारण अक्षरे बदलून काहीतरी वाचता आले, एवढ्याने भागत नाही. जे वाचले ते त्या शतकाच्या मराठीच्या नियमांना धरून आहे का, शब्दांचे प्रत्यय त्या काळचे आहेत का, हे पाहावे लागते. ते जुळले, पानामागून पान जुळत गेले, की उत्तर पक्के. इथे लय आणि ताल यांतला फरक करणारी आजी म्हणजे व्याकरण.

या कामात दुसरे एक नाव तितक्याच आदराने घ्यायला हवे आणि ते आपल्या अगदी जवळचे आहे. भिवंडीहून कशेळीची खाडी ओलांडली की ठाणे. तिथल्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची स्थापना १८९३ साली झाली. तिच्या प्रवर्तकांत विनायक लक्ष्मण भावे होते. शिक्षण विज्ञानाचे, व्यवसाय मिठागरांचा आणि व्यसन जुन्या मराठी पोथ्यांचे. 'महाराष्ट्र सारस्वत' या त्यांच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९१९ साली आली. महानुभावांचे दडलेले वाङ्मय तिच्यातून सामान्य वाचकांपर्यंत पोचले. राजवाड्यांनी कुलूप उघडले आणि भाव्यांनी आतले सामान ओसरीवर आणून मांडले, असे म्हटले तर दोघांवरही अन्याय होणार नाही. पुढे यवतमाळचे य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांनी हे काम नेटाने चालवले. 'लीळाचरित्र' छापून आले आणि मराठी गद्याचा इतिहास थेट तेराव्या शतकापर्यंत मागे गेला.

हे सारे आनंदाचे खरे. तरी एक बोच मागे राहते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जिवापाड जपलेले गुपित बाहेरच्या माणसाने फोडले, त्या श्रद्धावंतांना काय वाटले असेल? कोडे छापणारा ते सुटावे म्हणून छापतो. ही लिपी न सुटण्यासाठी केली होती. मात्र पंथातल्या काही महंतांनीच पुढे विश्वासाने पोथ्या अभ्यासकांना दाखवल्या, अडलेल्या जागा समजावून दिल्या. त्यांना बहुधा उमगले असावे की मानभावी या शब्दातला डाग धुवायचा, तर पोथी वाचली जाणे हाच उपाय आहे.

भिमडी ते भिवंडी

राजवाड्यांची भूक एवढ्यावर भागणारी नव्हती. कागद जिथे संपतात तिथे ते शब्दांकडे वळले. प्रत्येक गावाचे नाव, प्रत्येक आडनाव, प्रत्येक धातू ही त्यांच्या लेखी एक सूचना होती. तिच्यात शेकडो वर्षांचा इतिहास दडलेला आहे आणि तो काढता आला पाहिजे. उत्तर कोकणाविषयीचे त्यांचे मोठे काम म्हणजे १९२४ साली त्यांनी संपादित केलेली 'महिकावतीची बखर'. महिकावती म्हणजे केळवे-माहीम. वेगवेगळ्या काळांतल्या हातांनी लिहिलेली ही प्रकरणे एकत्र बांधली गेली होती आणि त्यांतल्या शकांचा गुंता झाला होता. राजवाड्यांनी थर वेगळे केले, शक ताडून पाहिले आणि त्यांतून बिंब राजांपासून पुढचा ठाणे-वसई-साष्टीचा इतिहास उभा केला. मोठ्या राजवटींपलीकडे गावोगावच्या वस्तीचा, जातीजमातींचा विचार करणारी तिची प्रस्तावना आजही वाचण्यासारखी आहे.

व्युत्पत्तीचे कोडे कसे सोडवावे आणि कुठे थांबावे, हे पाहायला दूर जायला नको. आपल्याच गावाचे नाव घेऊ. जुन्या कागदांत भिवंडीचे नाव भिमडी असे येते. भिमडीची भिवंडी कशी झाली? मराठीत दोन स्वरांमधल्या म चा व होतो आणि नाकातला उच्चार शेजारी उरतो. ग्रामचे गाव झाले, नामचे नाव, कुमारचा कुंवर, सीमेची शीव. त्याच वाटेने भिमडीतला म गेला, व आला आणि अनुस्वार मागे राहिला. नियम आहे, दाखले आहेत, जुना कागद आहे. इथवर उलगडा पुरा झाला.

आता कोणी म्हणेल, भिमडी म्हणजे भीमाची नगरी. पांडव इथे येऊन गेले, किंवा भीम नावाचा कोणी राजा होता. उत्तर चौकटीत छान बसते. पण केवळ आवाजाच्या सारखेपणावर राजा उभा करता येत नाही. त्यासाठी ताम्रपट लागतो, शिलालेख लागतो. ठाणे म्हणजे श्रीस्थानक, हे आपण ठामपणे म्हणतो ते शिलाहारांच्या ताम्रपटांत तसे कोरलेले आहे म्हणून. सोपारे म्हणजे शूर्पारक, तेही तसेच. भीमाची गोष्ट ही लय आहे. तालासाठी पुरावा हवा.

राजवाडे स्वतः या सीमेवर नेहमी थांबले का? नाही. आणि इथेच त्यांच्या मोठेपणाइतकीच त्यांची उणीवही दिसते. त्यांचा वेग प्रचंड आणि आत्मविश्वास त्याहून प्रचंड. जवळजवळ प्रत्येक मराठी शब्दाचे मूळ संस्कृतात सापडलेच पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. द्रविड भाषांशी असलेले शेजार, देशी शब्दांचा स्वतंत्र साठा यांना त्यांच्या हिशेबात फारशी जागा नव्हती. त्यामुळे त्यांच्या व्युत्पत्ती-कोशात लखलखीत सोन्याशेजारी पुष्कळदा नुसती कल्पनाही चकाकते. पुढच्या भाषाशास्त्रज्ञांनी त्यांतल्या अनेक नोंदी बाजूला ठेवल्या.

ज्ञानेश्वरीच्या बाबतीतही असेच झाले. आपली पोथी मूळ ज्ञानेश्वरीच्या सर्वांत जवळची, असा त्यांचा आग्रह होता. काही अभ्यासकांना तो पटला, काहींना नाही. वाद मिटवायचा तर ती पोथीच पुन्हा पाहायला हवी होती. पण मूळ पोथी पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. उत्तर छापलेले आहे, सूचना हरवली आहे. पत्रे जशीच्या तशी छापण्याचा कटाक्ष ज्याने शिकवला, त्याच माणसाच्या वाट्याला हे यावे, याची हळहळ वाटते.

धुळ्याची अखेर

माणूस म्हणून राजवाडे सोपे नव्हते. ७ जुलै १९१० रोजी त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. खंडेराव मेहेंदळे त्यांचे साथीदार होते. ज्या देशात कागद बंबात जात होते, तिथे कागदांसाठी घर उभे राहिले. पण त्याच घरात त्यांचे पुढे पटेना आणि ते बाहेर पडले. मतभेद झाला की शब्द मऊ करायची त्यांना सवय नव्हती. जे लिहायचे ते मराठीतच, हा त्यांचा बाणा. इंग्रजीत लिहिले असते तर त्यांचे नाव जगभर गेले असते, असे हितचिंतक सांगत. त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावर त्यांनी वेदकालीन शब्दांच्या आणि विधींच्या आधारे लिहायला घेतले, तेव्हा सनातनी मंडळी खवळली. ज्यांना ते आपले मानत, त्यांनाच न आवडणारे उत्तर निघाले तरी त्यांनी ते दडपले नाही. स्वतःच्या परंपरेचा कमालीचा अभिमान आणि तिच्याविषयी निघालेले कडू उत्तरही सांगण्याची हिंमत, या दोन गोष्टी एका माणसात क्वचितच नांदतात.

अखेरची वर्षे धुळ्यात गेली. धातूंचा कोश करण्याचे काम चालू होते. चिठ्ठ्यांवर शब्द, शब्दांखाली मूळ, मुळाखाली रूपांतरांची साखळी. १९२६ साल उजाडले. सप्टेंबरच्या १२ तारखेला ठाण्याचे भावे गेले. वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, धुळ्यात राजवाडे गेले. एका कुलपाशी झटलेले दोघे एकाच वर्षात, साडेतीन महिन्यांच्या अंतराने निघून गेले. पाठीमागे ना घर, ना संसार. होती ती कागदांची गाठोडी. नऊच दिवसांनी, ९ जानेवारी १९२७ रोजी, धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्या गाठोड्यांना आधार मिळाला. धातुकोश आणि शब्दांचा व्युत्पत्तिकोश त्यांच्या मृत्यूनंतर छापून निघाले.

आज राजवाड्यांची किती उत्तरे बरोबर ठरली, किती चुकली, याचा हिशेब पंडित करतच राहतील. त्या हिशेबात एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा दिसते. जिथे त्यांनी पायरी पायरी दाखवली, तिथे ते चुकले असले तरी त्यांचे काम टिकले, कारण नंतरच्या माणसाला चूक नेमकी कुठे आहे ते सापडले आणि तिथून पुढे जाता आले. जिथे त्यांनी केवळ आपल्या प्रतिभेच्या बळावर निकाल दिला, तिथे बरोबर असण्याची शक्यता असूनही आपण त्यापुढे हतबल होतो. विश्वास ठेवावा किंवा ठेवू नये, तिसरी वाट नाही.

आणि हे पंडितांपुरते नाही. अमुक गावाचे नाव तमक्यावरून पडले, अमुक आडनाव तमक्या राजाचे, अमुक समाज पूर्वी असा होता, अशी तयार उत्तरे आपल्यापर्यंत रोज येत असतात. ती चौकटीत नेहमीच छान बसतात. त्यांवरून माणसे भांडतात, गावे दुभंगतात. आपल्या परिसराने अशा भांडणांचे चटके सोसले आहेत. उत्तर देणाऱ्याला आजीचा तो साधा प्रश्न विचारण्याची सवय घरातल्या मुलांना लागली, तरी पुष्कळ झाले. वेल कुठे गेली?

तेव्हा पुढच्या रविवारी शब्दकोडे सोडवताना कोणी भराभरा चौकटी भरू लागले, तर त्याला थांबवून उलगडा मागावा. पेन्सिल खोडता येते. आणि एखादे घर रिकामेच राहिले, तर ते चुकीच्या अक्षराने भरण्यापेक्षा तसेच राहू द्यावे. उद्या कोणाच्या तरी नजरेला ते सापडेल. सहाशे वर्षे न वाचता आलेली पोथीही अखेर वाचता आलीच की.